एकाला जांभई आली की शेजाऱ्याला का येते? नववीच्या प्रकल्पासाठी नेमकी माहिती हवी आहे

विज्ञानबाई_कोथरूड

नमस्कार. नववीच्या सहा मुलांचा गट यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘जांभई संसर्गजन्य असते का आणि का असते’ हा विषय घेतोय. शाळा मराठी माध्यमाची, दुपारच्या पाळीची. विषय मुलांनीच निवडला आहे, त्यामुळे तो नुसता तक्ता रंगवून संपू नये असं मनापासून वाटतं. प्रत्यक्ष प्रयोग व्हायला हवा.

मुलांनी परवा ऑफ तासाला एक चाचणी घेतली. ४० मुलांच्या वर्गासमोर एकाने मुद्दाम जांभई दिली आणि चौघांनी दहा मिनिटं मोजणी केली. एकाची बेरीज ११, दुसऱ्याची १९, बाकी दोघांची मधलीच काहीतरी. शिवाय मधली सुट्टी नुकतीच संपली होती, डबे खाऊन झालेले. त्या जांभया बघून आल्या की जेवणामुळे, हे कसं सांगणार?

माझे प्रश्न:

१. ‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो म्हणून जांभई येते’ हे मुलांनी तक्त्यावर लिहिलं आहे. ते ठेवायचं का?
२. बघून जांभई येण्यामागे आज कोणती कारणं मानली जातात? त्यातलं पक्कं किती आणि अंदाज किती?
३. शाळेत, खर्चाशिवाय, विश्वास ठेवता येईल असा प्रयोग कसा मांडायचा?

---

मज्जाविज्ञान

बाई, ऑक्सिजनचं वाक्य तक्त्यावरून काढा. किंवा ते वर लिहून त्याच्याखाली ‘हे तपासून पाहिलं गेलं आणि टिकलं नाही’ असं लिहा. मुलांना ते जास्त शिकवून जाईल.

ते तपासलं १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात, रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो सुमारे ०.०४ टक्के. त्यांनी लोकांना ३ आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली. दुसऱ्या वेळी शंभर टक्के ऑक्सिजन दिला. कल्पना खरी असती तर पहिल्या हवेने जांभया वाढायला हव्या होत्या आणि शुद्ध ऑक्सिजनने थांबायला हव्या होत्या. यातलं काहीच झालं नाही. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वास मात्र भराभर चालू लागला. म्हणजे शरीर हवेतला बदल ओळखत होतं, आणि त्यावरचं उत्तर श्वासाच्या गतीने देत होतं, जांभईने नाही. व्यायाम करायला लावून श्वास वाढवला तरी जांभयांवर परिणाम दिसला नाही. आणखी एक साधा पुरावा म्हणजे पोटातलं बाळ. ते फुफ्फुसाने हवा घेतच नाही, तरी जांभया देतं. सोनोग्राफीत तिसऱ्या महिन्याच्या आसपासपासून त्या दिसतात.

(बंद खोलीत चाळीस मुलं बसली की कोंदटपणाने जडपणा येतो, तेव्हा खिडक्या उघडायलाच हव्यात. पण तो मुद्दा वेगळा.)

आता जांभई म्हणजे काय ते नीट बघू, कारण मुलांच्या मोजणीत ११ आणि १९ असा फरक पडला त्याचं मूळ इथेच आहे. जांभई म्हणजे नुसतं तोंड उघडणं नव्हे. तिचे टप्पे ठरलेले असतात. आधी जबडा हळूहळू खाली जातो आणि लांब श्वास आत ओढला जातो. मग शिखर येतं: जबडा पूर्ण ताणलेला, डोळे मिटलेले किंवा बारीक, डोकं किंचित मागे, जीभ मागे ओढलेली, घसा रुंद. त्यानंतर श्वास पटकन बाहेर आणि तोंड बंद. सगळं मिळून सरासरी सहा सेकंद. शिखराच्या वेळी कान आणि घसा जोडणारी नळी उघडते आणि कानातला छोटा स्नायू ताणला जातो, म्हणून त्या क्षणी समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं ऐकू येतं. डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, म्हणून पाणी येतं. एकदा सुरू झाली की ती मध्येच सोडता येत नाही, फार तर दाबता येते. मुलांना दात घट्ट मिटून जांभई द्यायला सांगा. श्वास आत जाईल, पण ‘झाली’ असं समाधान मिळणार नाही. जबड्याचा ताण हा जांभईचा अर्धा भाग आहे, हे त्यातून हाताला लागतं.

हा सगळा क्रम मेंदूच्या खालच्या, जुन्या भागात बांधलेला आहे: हायपोथॅलॅमसमधला एक लहानसा केंद्रक आणि मेंदूखोड. डोपामाइन, ऑक्सिटोसिन वगैरे रसायनं तिथे काम करतात. अर्धांगाच्या काही रुग्णांमध्ये एरवी न हलणारा हात जांभईच्या वेळी आपोआप वर उचलला जातो, तो याच कारणाने. इच्छेने हालचाल करवणारी वाट तुटलेली असते, पण जांभईची वाट वेगळी असते.

म्हणून तक्त्यावर दोन प्रश्न वेगळे मांडा. जांभईची यंत्रणा कशासाठी आहे, हा एक. दुसऱ्याची जांभई बघून ती का चालू होते, हा दुसरा. वर्तमानपत्री लेखांत हे दोन्ही एकात एक मिसळलेले असतात आणि तिथेच गोंधळ होतो. आपोआप येणारी जांभई जवळजवळ सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत आहे. बघून येणारी फार थोड्यांत आहे, आणि माणसातही ती जन्मापासून नसते. साधारण चार-पाच वर्षांच्या वयापासून दिसू लागते. बालवाडीतल्या मुलासमोर कितीही जांभया दिल्या तरी ते बहुधा नुसतं बघत राहील.

---

प्रयोगवही

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. प्रोव्हाइन यांनीच १९८०च्या दशकात केलेला प्रयोग शाळेला सर्वात सोयीचा आहे. पाच मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीत जांभई देणारा चेहरा ३० वेळा. तुलनेसाठी तशीच दुसरी फीत, पण हसऱ्या चेहऱ्याची. जांभयांची फीत बघणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांनी पाच मिनिटांत जांभई दिली, हसरी फीत बघणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्के. हे २१ फार महत्त्वाचे आहेत. काहीही न करता, नुसतं बसल्या बसल्याही पाचातल्या एकाला जांभई येते. तुमच्या वर्गात तुलनेचा गटच नव्हता, म्हणून जेवणाच्या जांभया वेगळ्या काढता आल्या नाहीत.

मांडणी अशी करा.

फीत मोबाइलवर घरीच बनवा. पाच-सहा जणांच्या खऱ्या जांभया टिपा. खोटी जांभई नको, ती दोन-तीन सेकंदांत उरकते आणि डोळे उघडे राहतात. तुमच्या पहिल्या चाचणीत हाही दोष असणार. खऱ्या मिळवायला फार कष्ट नाहीत: रात्री साडेदहा-अकराला घरातल्यांना जांभयांबद्दल बोलतं करा आणि कॅमेरा चालू ठेवा. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, कपाळापासून हनुवटीपर्यंत. चुटकी वाजवायची किंवा तोंडावर हात ठेवायची सवय असलेल्यांना तेवढ्यापुरती आवरायला सांगा. प्रत्येक जांभई सहा-सात सेकंदांची, मध्ये तीन-चार सेकंद शांत चेहरा, असं करत ३० वेळा. पाच मिनिटं भरतात. तुलनेच्या फितीत तेच लोक, तोच उजेड, तेवढाच वेळ, फक्त हसणं.

बघणारे एकेकटे बसवा. चाळीस मुलं एका खोलीत असतील तर पहिली जांभई फितीमुळे आणि पुढच्या दहा त्या पहिल्यामुळे, मग चाळीस मुलं म्हणजे चाळीस निरीक्षणं उरत नाहीत. एकच साखळी मोजली जाते. प्रयोगशाळेत दोन टेबलं एकमेकांकडे पाठ करून, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, प्रत्येकी एक मोबाइल. एका तासिकेत आठ-दहा जण होतात.

मोजणारं माणूस समोर उभं करू नका. आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की लोक जांभई गिळतात. २०१६ मध्ये आणि पुढे २०१९ मध्ये आभासी वास्तवाचा चष्मा लावून केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. दुसरा मोबाइल बाजूला लावून चेहऱ्याचं चित्रण करा आणि नंतर दोघांनी वेगवेगळं बसून मोजा. पालकांची लेखी संमती आधी घ्या आणि मोजणी झाल्यावर चित्रण पुसून टाका. ते संमतीपत्रात लिहून द्या.

आता सगळ्यात सहज होणारी चूक. संमतीपत्रावर, तक्त्यावर, बोलण्यात ‘जांभई’ हा शब्द येऊ देऊ नका. जांभईबद्दल वाचूनसुद्धा जांभई येते, हे प्रोव्हाइन यांनीच तपासलं होतं. (हा धागा इथपर्यंत वाचणाऱ्यांपैकी काहींना एव्हाना आली असेल.) मुलांना सांगताना ‘चेहऱ्यावरच्या हावभावांचा प्रयोग’ एवढंच सांगा. नाहीतर हसऱ्या फितीच्या गटातही आकडा चढतो आणि फरक पुसला जातो.

कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या बाकांवरचे एका गटात आणि मागचे दुसऱ्या गटात, असं नको. वेळही सांभाळा. जांभया उठल्यानंतर आणि झोपण्याआधी जास्त असतात. दुपारच्या पाळीत मधल्या सुट्टीनंतरचा तास टाळा, पहिला-दुसरा तास घ्या, आणि दोन्ही गटांतली मुलं त्याच तासात आलटून पालटून बसवा. आदल्या रात्री किती तास झोप झाली, हे प्रयोग संपल्यावर विचारा, आधी नको.

मोजायचं काय, हे लिहून ठेवा. ‘पूर्ण जांभई’ म्हणजे वर मज्जाविज्ञान यांनी सांगितलेले टप्पे आणि चार सेकंदांहून जास्त वेळ. ‘दाबलेली जांभई’ म्हणजे ओठ मिटलेले, पण नाकपुड्या फुललेल्या, जबड्याचा कोपरा ताणलेला, डोळ्यांत पाणी. दोन्हींचे वेगळे रकाने करा. ११ आणि १९ यांतला फरक बहुतेक या दाबलेल्या जांभयांचाच असावा.

प्रदर्शनात लोकांना उभं करून ठेवेल असं एक जोडकाम सुचवतो. प्रोव्हाइन यांनी चेहऱ्याचे भाग झाकूनही पाहिलं. सगळ्यांना वाटतं की उघडं तोंड बघून जांभई येते. पण तोंड झाकलं तरी परिणाम टिकला, आणि नुसतं तोंड दाखवलं तर परिणाम झाला नाही. नुसतं उघडं तोंड गाण्याचं असू शकतं, ओरडण्याचं असू शकतं. मिटलेले डोळे आणि मागे गेलेलं डोकं नसेल तर मेंदू त्याला जांभई मानत नाही. चेहरा आडवा केला किंवा उलटा केला तरी जांभई येते. हेच मुलं पुठ्ठ्याच्या झाकण्या कापून दाखवू शकतात.

---

कर्वेरस्ता

मज्जाविज्ञान, जवळच्या माणसाची जांभई पटकन लागते, परक्याची लागत नाही, म्हणजे हे सहानुभूतीचं लक्षण आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. दुसऱ्याची जांभई बघून ज्याला येत नाही तो निर्दय, इथपर्यंत लेख आहेत. बाईंनी मुलांना हे सांगावं का? वर्गात ज्या मुलाला जांभई येणार नाही, त्याच्यावर तसा शिक्का बसेल.

---

मज्जाविज्ञान

ही काळजी रास्त आहे. असा शिक्का बसू देऊ नका, आणि त्याला आधारही पुरेसा नाही.

सहानुभूतीच्या बाजूने जे आहे ते आधी सांगतो. २०११ मध्ये नॉर्शिया आणि पालाजी या इटालियन संशोधकांनी रोजच्या जगण्यातल्या जांभया टिपल्या: रेल्वेत, कचेरीत, जेवणाच्या टेबलावर. नातेवाइकांत लागण सर्वात जास्त, मग मित्र, मग ओळखीचे, आणि अनोळखी सर्वात शेवटी. हा निष्कर्ष चांगल्या कामातून आला आहे. चिंपांझींमध्येही २०११ मध्ये आपल्या टोळीतल्यांच्या जांभया जास्त लागल्याचं दिसलं.

पण यातून ‘कारण सहानुभूती’ हे आपोआप निघत नाही. आपण जवळच्या माणसाच्या चेहऱ्याकडे जास्त बघतो. पीएमपीच्या बसमध्ये समोरचा अनोळखी प्रवासी जांभई देतो तेव्हा आपण खिडकीबाहेर बघत असतो. घरी आई जांभई देते तेव्हा आपण तिच्याकडे बघून बोलत असतो. हा फरक बघण्याचा असू शकतो. स्वमग्न मुलांवरच्या संशोधनात नेमकं हेच झालं. २००७ मध्ये जपानी संशोधक अत्सुशी सेंजू आणि सहकाऱ्यांना स्वमग्न मुलांत बघून येणारी जांभई कमी आढळली, आणि ‘सहानुभूती कमी म्हणून जांभई कमी’ असा अर्थ लावला गेला. पुढे त्या मुलांची नजर चित्रातल्या डोळ्यांकडे राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा फरक उरला नाही. तोवर एका मोठ्या गटातल्या मुलांबद्दल चुकीची समजूत पसरून गेली होती. म्हणून या मुद्द्यावर आग्रहाने लिहितो आहे.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ३२८ निरोगी माणसांना तीन मिनिटांची फीत दाखवली. २२२ जणांना निदान एकदा तरी जांभई आली. कुणाला एकही नाही, कुणाला पंधरा. सहानुभूतीच्या चाचणीतले गुण, थकवा, बुद्धिमत्ता, दिवसाची वेळ, सगळं ताडून पाहिलं. जुळलं फक्त वय: वय वाढेल तशी लागण कमी. आणि वयानेही माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम ८ टक्के भाग उलगडला. बाकीचा फरक कशामुळे, हे आजही उघडं आहे. मुलांना तक्त्यावर हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहू द्या.

‘आरसा-चेतापेशी’ (दुसऱ्याची हालचाल नुसती बघूनही चेतणाऱ्या मेंदूतल्या पेशी) हा शब्दही मुलांना कुठेतरी सापडेल. जांभया बघताना मेंदूची चित्रं घेणारे अभ्यास झाले आहेत, पण सगळ्यांत सारखे भाग उजळत नाहीत. चेहऱ्याच्या हालचाली ओळखणारा भाग काहींत दिसला; ठरावीक आरसा-जाळं मात्र प्रत्येकात दिसलं नाही. तक्त्यावर ते ठाम कारण म्हणून लिहू नका.

जास्त भरवशाचं एक काम आहे. २०१७, नॉटिंगहॅम विद्यापीठ, ३६ प्रौढ माणसं. फीत बघताना कधी ‘येईल तशी येऊ द्या’ असं सांगितलं, कधी ‘दाबा’. दाबायला सांगितल्यावर पूर्ण जांभया घटल्या, अर्धवट दाबलेल्या वाढल्या, आणि जांभईची ओढ तर वाढलीच. चुंबकीय झोताने मेंदूचा हालचालींचा पट्टा किती पटकन चेततो हे मोजलं, तर ज्यांचा पटकन चेतत होता त्यांना ओढ जास्त होती. म्हणजे ‘मला का येते आणि तुला का नाही’ याचा निदान काही भाग स्वभावात नाही, त्या पट्ट्याच्या हळवेपणात आहे. कर्वेरस्ता, मुलाच्या शंकेला हे उत्तर द्या.

---

विज्ञानबाई_कोथरूड

खूप आभार. ऑक्सिजनचं वाक्य आजच खोडलं आणि त्याच्या जागी १९८७चा प्रयोग आला. आणखी दोन गोष्टी मुलं विचारतायत. मेंदू थंड करायला जांभई येते असं एकाने वाचलंय. ते पुण्यात तपासता येईल का? आणि कुत्र्याला माणसाची जांभई लागते हे खरं का?

---

श्वानवर्तन

लागते. २००८ मध्ये लंडनमध्ये २९ कुत्र्यांसमोर अनोळखी माणसाने जांभया दिल्या आणि २१ कुत्र्यांनी जांभई दिली. त्याच माणसाने नुसतं तोंड उघड-मीट केलं तेव्हा एकानेही नाही. पुढे मालकाची जांभई जास्त लागते असा निष्कर्ष आला होता, पण २०२० मध्ये आधीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिल्यावर तो टिकला नाही. लागण टिकली, ओळखीचा फरक गेला.

मुलांनी हे गल्लीतल्या कुत्र्यांवर करू नये. कुत्रं ताणाखाली असलं तरीही जांभई देतं, आणि अनोळखी मुलं समोर उकिडवी बसून टक लावून बघू लागली की त्याला ताण येणारच. मग मोजलेल्या जांभया अस्वस्थपणाच्या असतील, आणि चावण्याचा धोका वेगळा. ओठ चाटणं, मान वळवणं, कान मागे जाणं यांच्याबरोबर जांभई आली तर ती ताणाची समजा आणि मागे सरका. घरचं कुत्रं असेल तर ते आपल्या जागी पडलेलं असताना, पाच मिनिटं जांभया, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाच मिनिटं नुसतं तोंड उघडणं, एवढं पुरे.

कासवांवरही प्रयोग झाला आहे. लाल पायांच्या एका कासवाला जांभईसारखं तोंड उघडायला शिकवलं, त्याला सहा महिने लागले, आणि बाकीच्या कासवांनी दाद दिली नाही. ‘आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं’ संशोधन म्हणून २०११ चं इग नोबेल त्याला मिळालं. नकार देणारा प्रयोगही किती कामाचा असतो, ते मुलांना यातून सांगता येईल.

---

प्रयोगवही

थंडाव्याबद्दल. ही कल्पना अमेरिकी संशोधक अँड्र्यू गॅलप यांनी लावून धरली आहे. जबडा ताणला की डोक्यातला रक्तप्रवाह वाढतो, आणि आत ओढलेली गार हवा त्या रक्ताला थंडावा देते, असं तिचं सूत्र. सगळ्यांना मान्य नाही, पण तपासता येण्याजोगी आहे. २००७च्या प्रयोगात लोकांनी कपाळाला पिशवी धरून जांभयांची फीत पाहिली. पिशवी गरम किंवा खोलीच्या तापमानाची असताना ४१ टक्के वेळा जांभई आली, गार असताना ९ टक्के. नुसतं नाकाने श्वास घ्यायला सांगितलेल्यांना एकही आली नाही.

हवामानाचं भाकीत गमतीचं आहे. हवा शरीरापेक्षा बरीच गार पण बोचरी नसेल तेव्हा जांभया जास्त; हवा शरीराइतकी तापली किंवा फारच गारठली की कमी. अमेरिकेतल्या टूसॉन या वाळवंटी शहरात रस्त्यावरच्या लोकांना जांभयांची चित्रं दाखवली. हिवाळ्यात, २२ अंशांना, ४५ टक्के लोकांना जांभई आली. उन्हाळ्यात, ३७ अंशांना, २४ टक्के. व्हिएन्नात मात्र उलट: उन्हाळ्यात जास्त आणि कडाक्याच्या थंडीत कमी. कारण तिथला उन्हाळा टूसॉनच्या हिवाळ्यासारखा असतो.

पुण्यात याची तुलना डिसेंबरची दुपार विरुद्ध एप्रिलची ३८ अंशांची दुपार अशी बसेल. तळजाईला पहाटे फिरणारे आणि लक्ष्मी रोडवर दुपारी खरेदी करणारे, अशी तुलना करू नका. तापमानाबरोबर वेळ, झोप, वय, चालणं, सगळंच बदलतं.

प्रदर्शन एप्रिलच्या आधी असल्याने कपाळावरच्या पट्ट्या हाच मार्ग. तापात ठेवतो तशा सुती पट्ट्या घ्या, चार घड्या, साधारण ५ बाय १५ सेंटिमीटर. एक भांडं फ्रिजमधल्या पाण्याचं, दुसरं आदल्या दिवसापासून खोलीत ठेवलेल्या पाण्याचं. माठाचं पाणी ‘साधं’ म्हणून वापरू नका. बाष्पीभवनाने ते खोलीपेक्षा गार असतं आणि तुलना बिघडते. पंखा बंद, नाहीतर साधी पट्टीसुद्धा गार पडते. पट्टी कपाळावर दोन मिनिटांतच कोमट होते, म्हणून दर मिनिटाला बदला, आणि दोन्ही गटांत बदला, म्हणजे हात लागण्याचा व्यत्यय सारखा राहील. गरम पट्टीचा गट शाळेत नकोच. सर्दी-डोकेदुखी असलेल्या मुलांनाही यातून वगळा.

---

दवाखाना_सदाशिवपेठ

प्रदर्शनात आजी-आजोबा हमखास विचारतील, म्हणून तीन गोष्टी मुलांच्या हाताशी असू द्या.

बघून येणारी जांभई आजार नाही. पण झोप पुरेशी होऊनही दिवसभर जांभया येत असतील तर घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं तपासावं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही जांभया वाढतात. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. अर्धशिशी सुरू होण्याआधी आणि भोवळ येण्याआधीही जांभया येतात. रक्तदानानंतर कुणी पांढरं पडून जांभया देऊ लागलं तर त्याला आडवं करून पाय उंच ठेवा.

जांभईत जबडा निखळू शकतो. आधी निखळला असेल त्यांनी जांभई येताना मूठ हनुवटीखाली धरावी, तोंड मर्यादेबाहेर उघडत नाही. निखळलाच तर घरी ओढाताण नको, तोंड उघडं तसंच ठेवून दवाखाना गाठा.

आणि ‘जांभई दाबू नये’ हे आजीचं म्हणणं जुनं आहे. चरकसंहितेत न रोखण्याचे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ओढी, सांगितले आहेत, त्यात जृंभा म्हणजे जांभई आहे. योगशास्त्रात शरीरातले उपवायू मानले आहेत त्या उपप्राणांमधला ‘देवदत्त’ वायू जांभईचा, हेही योगाभ्यास करणाऱ्यांना ठाऊक असतं. मुलांनी हे तक्त्यावर जरूर घ्यावं, फक्त प्रयोगातल्या निष्कर्षांपासून वेगळ्या चौकटीत.

---

विज्ञानबाई_कोथरूड

शेवटचं एक. किती मुलं लागतील? गटाचं म्हणणं आहे की दहा आणि दहा पुरे.

---

आकडेमोड

दहा-दहा पुरत नाहीत, आणि का पुरत नाहीत हे मुलं स्वतः चिठ्ठ्यांनी काढू शकतात. नववीला काय-वर्ग चाचणीची (फरक योगायोगाचा आहे का हे सूत्राने तपासण्याची) गरज नाही.

समजा दहा-दहा घेतले आणि जांभयांच्या गटात ६, हसऱ्या गटात २ निघाले. एकूण २० मुलं, जांभई देणारी ८. आता २० चिठ्ठ्या करा, ८ वर खूण करा, डब्यात हलवा आणि न बघता १० काढा. खुणेच्या किती आल्या ते लिहा, सगळ्या परत टाका, पुन्हा काढा. असं शंभर वेळा. ६ किंवा जास्त खुणा साधारण आठ वेळा येतील. म्हणजे फितीचा काहीही परिणाम नसता, तरी नुसत्या योगायोगाने असा निकाल शंभरात आठदा लागला असता. परीक्षक हेच बोट ठेवतील.

साधारण तसंच प्रमाण तीस-तीस मुलांत घ्या: एका गटात १६, दुसऱ्यात ६. चिठ्ठ्या ६०, खुणेच्या २२, काढायच्या ३०. १६ किंवा जास्त खुणा शंभर वेळांत एखादेवेळी येतील, कधी एकदाही नाही. नववीच्या दोन तुकड्या मिळून ६० मुलं सहज होतात, पण ज्यांनी परवाची चाचणी पाहिली तो वर्ग वगळा. त्यांना विषय कळला आहे. आठवीची तुकडी घ्या.

चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या, सारख्या घडीच्या असू द्या. खूण पेनाने केली आणि ती कागदामागून दिसली तर काढणाऱ्याचा हात नकळत तिकडे जातो. जाड कार्डशीट वापरा. शंभर वेळा काढायला एकाला तास-दीड तास लागेल, सहा जणांत वाटून घेतलं तर दहा-पंधरा मिनिटं. आणि दोन्ही मोजणाऱ्यांचे आकडे वेगळे छापा, सरासरी काढून एक करू नका. ६० पैकी किती मुलांबाबत दोघांचं एकमत झालं, तो आकडा तक्त्यावर निकालाच्या शेजारी लावा.